डीपीएफचा लाइट पुन्हा पुन्हा लागतो? नवा फिल्टर घेण्याआधी हे बघा

१ एप्रिल २०२०नंतर विकलेली डिझेल कार बीएस-६ (धुराच्या कडक नियमांची) असते आणि तिच्या सायलेन्सरच्या लाइनीत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, बसवलेला असतो. शहरात त्याला ट्रॅफिक नडतं. आमच्या यवतमाळ-दारव्हा-दिग्रस पट्ट्यात ट्रॅफिक नाही, तरी गॅरेजात ही तक्रार सारखी येते. इथली कारणं वेगळी: वावरापर्यंतचा चार किलोमीटरचा फेरा, ट्रॅक्टरचं ऑइल, ड्रममधलं डिझेल, काढून टाकलेला थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) आणि उंदीर. यातलं एकही कारण फिल्टरच्या आत नाही. म्हणूनच नवा फिल्टर टाकूनही लाइट परत येतो आणि मालक कपाळाला हात लावतो.

फुकटच्या तपासणीपासून सुरुवात करतो. खिशाला लागणारं सगळ्यात शेवटी.

लक्षणं

पिवळा दिवा, डब्यात ठिपके असलेलं चित्र, किंवा मीटरवर फिल्टर भरल्याचा इंग्रजी मेसेज. गाडी अजून नीट ओढते. इथे बहुतेक वेळा एक रुपया न लावता काम होतं.

दिवा लागायच्या आधीही गाडी खुणा देत असते. आयडलिंग नेहमीपेक्षा शे-दोनशेने वर, चावी काढल्यावरही रेडिएटरचा पंखा जोरात, खालून तापलेल्या लोखंडाचा वास, एव्हरेज पडलेला. त्या वेळी गाडी स्वतःची काजळी जाळत होती आणि तुम्ही मध्येच बंद केली. कधीतरी असं होणारच. पण दर शंभर-दीडशे किलोमीटरला व्हायला लागलं तर कुठेतरी बिघाड आहे.

त्याच्या पुढचा टप्पा म्हणजे, “भाऊ, गाडी ओढूनच नाही राह्यली.” आरपीएम अडीच-तीन हजाराच्या वर जात नाही, ओव्हरटेक होत नाही, सोबत इंजिनचाही दिवा. इंजिन वाचावं म्हणून कॉम्प्युटरने मुद्दाम ताकद कापलेली असते. याला लिंप मोड म्हणतात.

दोन खुणा लोकांच्या नजरेतून सुटतात. एक म्हणजे डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, ऑइल वाढलेलं दिसणं. कमी झालं की लोक घाबरतात, वाढलं तर कोणी विचारतही नाही. त्याबद्दल पुढे सांगतो. दुसरी, थंड गाडीच्या सायलेन्सरच्या टोकात बोट फिरवा. धड डीपीएफ असेल तर बोट काळंभोर निघत नाही, कितीही वर्षं वापरलेली गाडी असो. जाड काजळी लागली तर आतली जाळी फुटली आहे, वितळली आहे, किंवा आधीच्या मालकाने ती काढून रिकामा डबा वेल्ड केला आहे. जुनी बीएस-६ डिझेल घेताना ही तपासणी जरूर करा. पांढऱ्या शर्टात करू नका.

काजळी वेगळी, राख वेगळी

एवढं समजलं की कोणी फसवू शकत नाही. फिल्टरमध्ये दोन गोष्टी साठतात. काजळी म्हणजे अर्धवट जळालेलं डिझेल. ती जळते. हायवेवर सायलेन्सर तापलेला असताना थोडी थोडी आपोआप जळत राहते, आणि ठरावीक पातळीला साठली की कॉम्प्युटर इंजिनात उशिरा जादा डिझेल मारून फिल्टर साधारण ६०० अंशांपर्यंत तापवतो आणि उरलेली जाळतो. हेच रिजनरेशन. पंधरा ते पंचवीस मिनिटं लागतात.

राख येते इंजिन ऑइलमधल्या रसायनांतून: कॅल्शियम, जस्त, फॉस्फरस. ती कितीही तापवली तरी जळत नाही. चुलीतली राख जशी पुन्हा पेटवून जात नाही, उपसावीच लागते, तसंच. चांगलं ऑइल वापरलं तर राखेने फिल्टर भरायला साधारण दीड-दोन लाख किलोमीटर लागतात.

तेव्हा ऐंशी हजार चाललेल्या गाडीला कोणी “फिल्टर संपला, बदलावा लागेल” म्हटलं तर आधी विचारा, काजळीने भरला की राखेने? मोजून बघितलं का? कुठल्या आकड्यावरून? उत्तर मिळालं नाही तर गाडी घेऊन या.

सगळ्यात आधी: गाडी चालते कशी

इथे खर्च फक्त डिझेलचा. सकाळी शाळा, दुपारी बाजार, संध्याकाळी वावर, आणि लग्नसराईत मांडवाबाहेर एसी लावून तासभर चालू उभी. अशा गाडीचा सायलेन्सर कधी तापतच नाही. कॉम्प्युटर रिजनरेशन सुरू करतो आणि दोन मिनिटांत घर येतं.

दिवा स्थिर असेल, लुकलुकत नसेल, डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं नसेल आणि गाडी नीट ओढत असेल, तरच हे करा. टाकीत पाव टाकीपेक्षा जास्त डिझेल हवं, कारण बऱ्याच गाड्या कमी डिझेलवर रिजनरेशन सुरूच करत नाहीत. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. मग मोकळ्या रस्त्यावर एक गिअर खाली ठेवून आरपीएम २००० ते २५००, वेग ६० ते ८०, सलग अर्धा तास. थांबायचं नाही. चहाला तर नाहीच.

समृद्धीच लागते असं काही नाही. आमच्याकडचे लोक दिवा लागला की कारंज्याहून समृद्धीवर चढायला निघतात. रस्ता मोकळा मिळाला तर कारंज्याला पोचेपर्यंतच दिवा गेलेला असतो आणि टोल वाचतो. यवतमाळ-आर्णी किंवा यवतमाळ-कळंब हायवे या कामाला उत्तम. १२०च्या वेगाची गरज नाही. टॉप गिअरमध्ये कमी आरपीएमवर पळवण्यापेक्षा खालच्या गिअरमध्ये ७० बरं.

एक सूचना कळकळीची. रिजनरेशन चालू असताना किंवा नुकतंच झालेलं असताना गाडी वाळल्या गवतावर, कुटारावर किंवा पऱ्हाट्या-तुराट्यांच्या ढिगाजवळ उभी करू नका. मार्च ते मे आपल्याकडे धुऱ्यावरचं गवत नुसतं ठिणगीची वाट पाहत असतं. मोकळ्या मातीवर किंवा डांबरावरच थांबा.

डिपस्टिक

गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटं. डिपस्टिक पुसा, परत घाला, काढा. पातळी वरच्या खुणेच्या वर असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर अर्धवट राहिलेल्या रिजनरेशनचं डिझेल पिस्टनच्या बाजूने खाली ऑइलात उतरलं आहे.

अशी गाडी हायवेवर पळवू नका, दिवा घालवायला तर मुळीच नाही. पातळ ऑइलने बेअरिंग आणि टर्बो (इंजिनात हवा कोंबणारा पंखा) घासतात. त्याहून वाईट म्हणजे वाढलेलं ऑइल हवेच्या वाटेने इंजिनात ओढलं गेलं तर इंजिन त्याच्यावरच पळायला लागतं आणि चावी फिरवूनही बंद होत नाही. तसं झालंच तर वरचा गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. मग लांब व्हा. ऑटोमॅटिक गाडीत हे जमत नाही, म्हणून तिथे आधीच सावध राहायचं.

उपाय साधा: ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला, मगच पुढची तपासणी. नुसतं थोडं ऑइल काढून पातळी बरोबर करणं म्हणजे ताप मोजायचा थर्मामीटर फोडणं, तसं करू नका. उरलेलंही पातळच असतं.

ऑइल कोणतं आहे

घरी ट्रॅक्टर असतो, त्याच्या ऑइलचा वीस लिटरचा डबा शेडमध्ये असतो. कारला अर्धा लिटर कमी पडलं की त्यातलंच ओततात. डब्यावर १५डब्ल्यू-४० आणि सीआय-४ असं काही लिहिलेलं असतं. ट्रॅक्टरसाठी ते उत्तम. डीपीएफच्या गाडीत मात्र त्यातली रसायनं राख होऊन थेट फिल्टरमध्ये बसतात आणि ती परत निघत नाही.

डीपीएफसाठी कमी राखेचं ऑइल लागतं. डब्यावर एसीईए सी२ किंवा सी३ असं असतं. तुमच्या गाडीला नेमकं कोणतं, ते गाडीच्या पुस्तकात बघा. फक्त ५डब्ल्यू-३० बघून घेऊ नका. तो आकडा जाडीचा आहे, राखेचा नाही. लिटरमागे थोडे पैसे जास्त जातात, आणि इथे वाचवलेले पैसे पुढे फिल्टर खाऊन टाकतो.

गावातल्या वापरात मी ऑइल पुस्तकातल्या किलोमीटरच्या आधीच बदलायला सांगतो. छोट्या फेऱ्यांच्या गाडीला बहुतेक पुस्तकांत वेगळा, कमी अंतराचा नियम दिलेलाच असतो. तो कोणी वाचत नाही.

डिझेल

बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत १० भागांपेक्षा जास्त नसतं; बीएस-४मध्ये ही मर्यादा ५० होती. पंपावरचं डिझेल ठीकच असतं. अडचण वावरातल्या ड्रमची आहे. उघड्या बुचातून पावसाळ्याचं पाणी, तळाला गाळ, आणि उपसायला तोच पाइप जो कधी फवारणीच्या टाकीत होता. पाणी आणि कचऱ्याने इंजेक्टरचं तोंड बिघडतं, फवारा नीट होत नाही, काजळी वाढते. ड्रममधलं डिझेल ट्रॅक्टरला राहू द्या. डिझेल फिल्टरच्या तळाला पाणी काढायचा स्क्रू असेल तर सर्व्हिसला तो उघडायला सांगा.

काही गाड्यांना युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते, निळ्या झाकणाची. ती डीपीएफची नाही. ते द्रावण चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर चावीसुद्धा फिरवू नका, गाडी टोचन करूनच न्या.

थर्मोस्टॅट: आमच्याकडचा खास घोळ

एप्रिल-मेमध्ये ४५च्या वर पारा जातो. गाडी गरम होते अशी तक्रार आली की जुन्या हाताचा मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतो. “आपल्याइकडे लागतेच कशाला?” जुन्या जीपगाड्यांवर हे चालून गेलं. डीपीएफच्या गाडीत तीच गोष्ट अंगावर येते. थर्मोस्टॅट नसला की इंजिन पुरेसं तापत नाही, आणि कुलंट ठरावीक तापमानाला पोचल्याशिवाय कॉम्प्युटर रिजनरेशन सुरूच करत नाही. गाडी हायवेवर तासभर पळवली तरी दिवा जात नाही, याचं हे एक मोठं कारण.

ओळख सोपी आहे. दहा-पंधरा किलोमीटरनंतरही तापमानाचा काटा मधल्या जागेच्या खालीच राहतो, किंवा उतारावर, थंडीत परत खाली येतो. काटा नसेल तर स्कॅनरवर कुलंटचं तापमान बघा. गरम गाडीत ते ८० ते ९५ अंशांत टिकायला हवं. सत्तरच्या खाली घुटमळत असेल तर थर्मोस्टॅट काढलेला आहे किंवा उघडा अडकला आहे. नवा टाका, कुलंट योग्य प्रमाणात भरा. आणि गाडी आधी खरंच गरम होत असेल तर रेडिएटरची जाळी धुवा. आपल्याकडे तिच्यात कापसाचे तंतू आणि सोयाबीनचा भुसा असा गच्च बसतो की टॉर्चचा उजेड आरपार जात नाही.

हवा

कमी हवा, जास्त काजळी. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. मळणीच्या दिवसांत एका महिन्यात तो मातीच्या रंगाचा होतो. झटकून वापरू नका, बदला, महाग नाही.

मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे (टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीपर्यंतचे) जाड रबरी पाइप हाताने चाचपा. जोडावर ऑइल आणि धुळीचा ओला थर जमला असेल तर तिथून हवा सुटते. क्लिप आवळून बघा, तडा असेल तर पाइप बदला. जोर दिल्यावर फुस्स आवाज आणि पिकअप कमी, ही याचीच खूण.

स्कॅनर

ओबीडीला, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला, लावायचं छोटं ब्लूटूथ यंत्र हजाराच्या आसपास मिळतं. ते प्रत्येक गाडीचे डीपीएफचे आकडे दाखवेलच असं नाही, पण कोड वाचतं आणि तापमान दाखवतं. गॅरेजवाल्याकडचा मोठा स्कॅनर असेल तर काजळीचा अंदाज, शेवटच्या रिजनरेशननंतरचं अंतर आणि फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक, हे तीन आकडे मागा आणि फोटो काढून ठेवा.

कोडचा अर्थ ढोबळमानाने असा. पी२४६३ म्हणजे काजळी जास्त साठली. पी२४५२ ते पी२४५५ हे दाबाच्या सेन्सरचे आणि त्याच्या वायरिंगचे. पी२००२ म्हणजे फिल्टर नीट अडवत नाही असा संशय. पी०४०१ ईजीआरचा (थोडा धूर परत इंजिनात पाठवणारा व्हॉल्व्ह) आणि पी०२९९ टर्बोचा दाब कमी पडल्याचा. हे दोन सोबत असतील तर दुखणं डीपीएफच्या आधी आहे आणि पहिल्यांदा ते बरं करायचं. कोड पुसून गाडी देणारा मिस्त्री काही दुरुस्त करत नाही, फक्त पुरावा मिटवतो.

आता सगळ्यात कामाचा आकडा. चावी ऑन, इंजिन बंद. दाब शून्य किंवा शून्याला चिकटून हवा. नसेल तर सेन्सर किंवा वायर खोटं बोलते आहे, फिल्टरला दोष देऊ नका. मग इंजिन गरम करून आयडलिंगला बघा, आकडा लहान असायला हवा. आरपीएम २५००वर नेला की तो वाढायला हवा आणि सोडल्यावर परत खाली यायला हवा. किती वाढावा हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं, पण त्याने हललंच पाहिजे.

दोन रबरी नळ्या

हलला नाही तर या नळ्या. फिल्टरच्या आधी एक आणि नंतर एक अशा दोन बारीक स्टीलच्या नळ्या निघतात, पुढे त्यांना रबरी नळ्या जोडून त्या फायरवॉलजवळच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळच्या) सेन्सरला जातात. काही गाड्यांत एकच नळी असते. कॉम्प्युटरला फिल्टर किती भरला हे मुख्यतः यांच्यातूनच कळतं.

दिग्रसकडची एक गाडी आली होती, सात सीटर, शिक्षकाची. मोठ्या वर्कशॉपने नवा फिल्टर सांगितला होता. स्कॅनरवर आयडलिंगला दाब शून्य, अडीच हजारावरही शून्य. भरलेल्या फिल्टरचा दाब शून्य कसा राहील? बोट नळीखालून फिरवलं तर मधोमध खडबडीत लागलं. वरून नळी साबूत, खालून उंदराने अर्धा गोल कुरतडलेला, कडेला बारीक दातांच्या रेघा. गाडी सोयाबीनच्या पोत्यांशेजारी उभी राहायची. पुढचा दाब वाटेतच सुटत होता, कॉम्प्युटरला फिल्टर रिकामा वाटत होता, तो काजळी वेळेवर जाळत नव्हता आणि शेवटी गाडी ओढेनाशी झाली. वीतभर उष्णता सहन करणारी नळी, दोन क्लिपा आणि एक रिजनरेशन. तेवढ्यावर गाडी सुटली.

तुम्ही स्वतः बघणार असाल तर इंजिन पूर्ण थंड हवं. कुठली नळी कुठे आहे याचा आधी फोटो, कारण उलट जोडल्या तर आकडे उलटे येतात. सेन्सरवरून काढा, मग फुंकून बघा. हवा मोकळी जायला हवी. काजळीने चोंदलेल्या स्टीलच्या नळीत बारीक तार घाला. सेन्सरमध्ये कॉम्प्रेसरची हवा कधीच मारू नका, आतला पडदा फाटतो. साधा पेट्रोलचा पाइप तिथे लावू नका, आठवड्यात वितळतो. नवा सेन्सर टाकला तर बऱ्याच गाड्यांत तो स्कॅनरने शिकवावा लागतो.

आणि उंदरांचं काय करायचं ते करा. पोती आणि गाडी एका शेडमध्ये ठेवली तर पुढच्या हंगामात परत याच.

इथे थांबा, पाना खाली ठेवा

यापुढचं काम घरचं नाही. दिवा लुकलुकत असेल, इंजिनाचा दिवा सोबत असेल, ताकद कापली गेली असेल किंवा ऑइल वाढलेलं असेल तर जोरात पळवून बघू नका. काजळी मर्यादेबाहेर साठलेली असताना ती एकदम पेटली तर आतली सिरॅमिकची जाळी तडकते किंवा वितळते, आणि मग धुण्याचा पर्यायही संपतो. सायलेन्सर लाल दिसला, प्लास्टिक जळाल्याचा वास आला, तर बाजूला घ्या आणि माणसं उतरवा.

ईजीआर उघडा अडकणं, इंजेक्टर गळणं, टर्बोने ऑइल सोडणं, धुराच्या तापमानाचा सेन्सर मरणं, या चारांसाठी डिझेलचं काम जाणणारा मेकॅनिक लागतो. इंजेक्टरचं आधी रिटर्न टेस्टने मोजमाप करून घ्या: प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला बाटली लावतात आणि कुठल्या बाटलीत जास्त डिझेल येतं ते बघतात. एक खराब असताना चारही बदलायला सांगितले तर बाटल्या दाखवा म्हणा.

स्कॅनरने उभ्या गाडीत जबरदस्तीचं रिजनरेशन करता येतं. ते मोकळ्या जागेत, टिनाच्या शेडबाहेर, आजूबाजूला गवत-कागद नसताना, आणि मेकॅनिक गाडीजवळ असताना व्हायला हवं. विहिरीवरच्या खोलीजवळ नको, मांडवाजवळ नको. त्यानंतर काजळीचा आकडा खाली आला पण दाब तसाच राहिला, तर आत राख आहे. दुसऱ्यांदा जाळून पैसे घालवू नका.

धुणं

राख झाली तर फिल्टर खोलून साफ करायचा. नव्या फिल्टरची किंमत मॉडेलप्रमाणे हजारो रुपयांपासून लाखाच्या वर जाते, साफसफाई त्याच्या छोट्या भागात होते. पद्धतशीर काम म्हणजे फिल्टरचं वजन, हवा किती जाते त्याची मोजणी, भट्टीत नियंत्रित तापवणं, उलट्या बाजूने हवा किंवा पाणी, आणि परत वजन, परत मोजणी. आधीचे आणि नंतरचे आकडे कागदावर देणाऱ्याकडेच द्या. आमच्या भागातून तो खोलून मोठ्या शहरात पाठवावा लागतो, दोन-चार दिवस गाडी उभी राहते.

सेन्सरच्या छिद्रातून फोम मारायचे डबे मिळतात. काजळीवर थोडा उपयोग, राखेवर शून्य. टाकीत ओतायच्या बाटल्यांचंही तेच. आणि कॉस्टिक, ॲसिड किंवा वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप, हे तिन्ही फिल्टर मारतात. आतल्या भिंतींवर प्लॅटिनमसारख्या धातूंचा पातळ लेप असतो. तो गेला की फिल्टर दिसायला चकचकीत आणि कामाला निकामी.

खोलताना गंजलेल्या सेन्सरवर जोर लावू नका, गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री मारा. बसवताना गॅस्केट आणि क्लॅम्प नवे. एक थेंबभर गळती दाबाचे आकडे बिघडवते.

बदलायचाच झाला तर

आधी वॉरंटीचं पुस्तक काढा. मग पार्ट नंबर जुळवा, इंजिन सारखं असलं तरी वर्षाप्रमाणे फिल्टर बदलतो. बाहेरच्या कंपनीचा स्वस्त फिल्टर घेताना जाळी कशाची आणि वॉरंटी किती हे बिलावर लिहून घ्या. फार स्वस्तात लेप कमी असतो आणि रिजनरेशन वारंवार लागतं. भंगारातला घ्यायचा असेल तर टॉर्च लावून दोन्ही तोंडं बघा, हलवून आवाज ऐका, आणि तरीही मोजून-धुऊनच बसवा.

बसवल्यावर कॉम्प्युटरमधला राखेचा आणि काजळीचा हिशोब शून्य करायला सांगा. हे राहिलं तर नव्या फिल्टरलाही कॉम्प्युटर जुनाच समजतो आणि दिवा तसाच राहतो. साफ करून बसवलेल्यालाही हे लागू. जुना डबा भंगारवाल्याला लोखंडाच्या भावात देऊ नका. त्यात मौल्यवान धातू आहेत, दोन ठिकाणी भाव विचारा.

“काढूनच टाक ना भाऊ, झंझटच नको,” असं दर महिन्याला कोणीतरी म्हणतं. नाही करत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२खाली गाडीत असा बदल चालत नाही, आणि प्रदूषणाच्या नियमभंगाला २०१९च्या दुरुस्तीनंतर दंड १०,००० रुपयांपर्यंत आहे. तो काळा धूर मागे सायकलवर असलेल्या पोराच्या नाकात जातो, ते वेगळंच.

काम झाल्यावर

ग्लोव्ह बॉक्समध्ये एक वही ठेवा. रिजनरेशन झाल्याचं लक्षात आलं की किलोमीटर लिहा, आणि ऑइल बदललं की डब्यावरचा ग्रेड. आपल्या वापरात दोन रिजनरेशनमधलं अंतर तीनशे किलोमीटरच्या वर टिकत असेल तर निवांत राहा. ते हळूहळू दीडशेवर यायला लागलं तर दिव्याची वाट बघू नका. डिपस्टिक काढा, तापमानाचा काटा बघा, आणि त्या नळीखालून एकदा बोट फिरवा. पंधरवड्यातून एकदा यवतमाळ-आर्णी रस्त्यावर अर्धा तास गेलात तर बहुतेक गाड्यांना एवढंही लागत नाही.